तीन दातांवर हसू

४ मार्च, सोमवार

ताई,

मी बाबांना फसवलं आणि ते फसले. वांधा तोच आहे. मी पकडला जाण्यासाठीच गंमत केली होती आणि त्यांनी पकडलंच नाही. हे फाडू नकोस. आधी पुढचं वाच, मग फाड.

मला पत्र लिहायची सवय नाही. शेवटचं लिहिलं ते शाळेत, मुख्याध्यापकांना, आईच्या सहीने, 'मुलाला ताप आहे' म्हणून. आणि ते मीच नेऊन दिलं, उड्या मारत. तुझा फोन लागत नाही, नंबर बदललास. पत्ता आईच्या शिवणाच्या डब्यात सापडला, बटणांच्या खाली. म्हणजे तुमचं चालू आहे काहीतरी. मी आईला बोललो नाही.

टॉवरवाल्या काकांची जीप आठवते ना? डोंगरावरच्या मोबाइल टॉवरला रोज डिझेल पोचवतात ते काका. तू होतीस तेव्हा गाडी हिरवी होती, आता गंजाच्या रंगाची आहे. त्यांनी तिला मोठी चाकं टाकली. झालं, चढाला ती म्हाताऱ्यासारखी दम टाकायला लागली. मग बाबा म्हणाले, चाकांमधल्या डिफरन्शियलचे गिअरच बदलू, पुढचे आणि मागचे, दोन्ही. पुढचा एक्सल नीट झाला. शुक्रवारी मागचा घेतला.

छोटं पिनियन बसवलं, त्यावर फिरणारा मोठा क्राऊन बसवला. बाबा म्हणाले, रंग लाव, फिरव, खूण दाखव. क्राऊनच्या दातांना पिवळा रंग फासायचा, हाताने फिरवायचं, पिनियनचा दात जिथे घासतो तिथला रंग निघतो, आणि ती खूण दाताच्या मधोमध आली की गिअर नीट बसला. हे मी तुलाच काय सांगत बसलोय? तूच मला शिकवलंस. मुद्द्यावर यायची भीती वाटते म्हणून हात आपला चालतोय.

दुपारचे तीन. पत्रा तापलेला, माझी पाठ गेलेली, आणि बाबांचं चालूच, "हात आहेत का काठ्या?" मला कंटाळा आला, ताई. मी रंग लावला पण फिरवलंच नाही. बोटाने तीन दातांवर चेहरे काढले. दोन डोळे आणि एक हसू. तिसऱ्याला मिशी पण काढली, बाबांसारखी. म्हटलं, बघतील, टाळक्यात एक ठेवून देतील, जरा हसतील, मग खरी खूण घेऊ.

बाबांनी चष्मा घातला, दिवा जवळ ओढला, गुडघ्यावर बसले. मी मान आखडून तयार.

म्हणाले, "बघ. याला म्हणतात बसणं. मधोमध आलीय. झाकण लाव."

मला वाटलं, माझीच फिरकी घेतायत. मी तसाच उभा.

"आता काय, आमंत्रण देऊ? लाव की, कार्ट्या!"

काका तिथेच स्टुलावर बसले होते. गिऱ्हाइकासमोर बोललं की काय होतं ते मी तुझ्या वेळेला बघितलंय. मी झाकण लावलं. दहा बोल्ट, एकेक आवळत. आत तिघं जण हसत होते.

खरी खूण कुठे आली असती मला माहीत नाही. शनिवारपासून गाडी रोज डोंगरावर जाते. दात तुटला आणि गिअर अडकला तर मागची चाकं जागेवर बसतील. तुला तो रस्ता माहीत आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

काय करू सांग.

तुझा चौदा
(हो, अजून चौदाच म्हणतात. चौदाचा पाना अजून मीच लपवतो.)


९ मार्च, शनिवार

ताई,

उत्तर नाही. बरोबर आहे, दोन वर्षांत मी एकदाही चौकशी केली नाही, आणि आता अडलं तर ताई.

काल काकांबरोबर वर गेलो, डबे उचलायला मदत करतो म्हणून. काका खूश. त्यांना वाटलं पोरगा सुधारला. चाळिसाच्या पुढे गाडी गेली की मागून आवाज येतो. ऊंऊंऊं, बंद खोलीत कुणी रडत असल्यासारखा. काका म्हणाले, "नवीन आहे ना, गातंय." मी म्हटलं, "हो, गातंय." खाली येताना मी दाराची कडी धरून बसलो होतो. हाताला वळ उठलेत.

परत आलो तर बाबा पायरीवर उभे. गाडी वळून गेली तरी उभेच, मान एका बाजूला करून. कान त्यांचे अजून मांजराचे आहेत. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही. नवीन गिअर चार दिवस बोलतात." आणि आत जाऊन पाने लावत बसले. लावलेलेच पाने, परत.

घरात कुणी नीट झोपत नाही. आई विचारते, बाप-लेक असे का सुतक्यासारखे? मी म्हणतो, उकाडा आहे.

आता तुला एक सांगतो. मागच्या पत्रात सांगणार होतो, पण म्हटलं एका पत्रात एकच गुन्हा.

तो गिरणीवाल्याच्या गाडीचा दिवस. तू गिऱ्हाइकासमोर म्हणालीस, "बाबा, तुम्हाला खूण दिसत नाहीये." ते म्हणाले, "चष्मा सापडत नाहीये म्हणून." तू म्हणालीस, "चष्मा असला तरी दिसत नाही. गेलं वर्षभर मीच बघून सांगते, तुम्ही नुसती मान हलवता." गिरणीवाला चप्पल बघायला लागला. बाबा म्हणाले, "एवढं दिसतं तुला, तर दुसरं गॅरेज बघ जा." आणि मी हसलो. ते तुला आठवत असणार.

चष्मा माझ्या खिशात होता, ताई.

सकाळीच लपवला होता. नेहमीसारखा, अर्ध्या तासात परत देणार होतो. मग तुमचं पेटलं आणि माझा हात खिशातच राहिला. काढून दिला असता तर त्यांनी घातला असता, बघितलं असतं, आणि तरी दिसलं नसतं. तिथल्या तिथे तू खरी ठरली असतीस. तू संध्याकाळच्या बसने गेलीस, तेव्हा मी तो त्यांच्या बाकावर ठेवला. ते म्हणाले, "बघ, इथेच होता." दोन वर्षं तेच सांगतात सगळ्यांना. त्या दिवशी चष्मा नव्हता म्हणून, नाहीतर.

मलाही तेच खरं वाटायला लागलं होतं. मागच्या शुक्रवारपर्यंत.

चौदा


१४ मार्च, गुरुवार

ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, अडीच ओळी. 'गाडी उतारावर जाऊ देऊ नको. खोल, पूस, खरी खूण घे, दातावर चिकटपट्टी दाबून ठसा उचल आणि कागदावर लावून पाठव. फोटो नको, फोटोत तेल चमकतं.' चष्म्याबद्दल एक अक्षर नाही. शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. शिव्यांनी पोट भरतं, गप्प बसण्याने नाही भरत.

गाडी थांबवायची कशी, हा प्रश्न होता. काकांना खरं सांगितलं तर बाबांचं नाव डोंगरावर जाऊन खाली येईल, तेही संध्याकाळच्या आत. मग मी माझ्या शिक्षणाचा उपयोग केला. जीपच्या मागच्या चाकाच्या टोपीत चार खडे टाकले.

आज सकाळी काका धावत आले. "अरे चौदा, मागे भूत बसलंय रे! खडखड खडखड!"

मी म्हटलं, "बेअरिंग असेल. काका, वर नेऊ नका हं, चाक हातात येईल."

"मग डिझेल कोण नेणार? तुझा बाप?"

"तुमच्या भाच्याचा टेम्पो न्या दोन-चार दिवस. झोपाच काढतो ना तो?"

तेवढ्यात बाबा आले. काकांनी गाडी दोन हात पुढेमागे करून दाखवली. बाबांनी ऐकलं. टोपीतले खडे त्यांना कळणार नाहीत असं होईल का, ताई? लहानपणी पिंपात काय पडलं ते पडल्याच्या आवाजावरून सांगायचे, आठ आणे का रुपया. त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या दिशेने बघितलं. म्हणाले, "मी शनिवारी नाहीये. तुझा तू बघ."

एवढंच.

मामा घर बदलतोय. आई-बाबा शनिवारी सकाळी जाणार, मंगळवारी येणार. तीन दिवस माझे. सकाळच्या बसचा ड्रायव्हर तुझ्या फॅक्टरीच्या फाटकावरूनच जातो म्हणे. मी त्याच्याकडे पाकीट देत जाईन, तो संध्याकाळी परत येताना तू त्याच्याकडेच उत्तर दे. तो विचारत होता, "प्रेमपत्रं का रे?" मी म्हटलं, "हो, पण ती फार मारते."

चौदा


१७ मार्च, रविवार, सकाळी

ताई,

घाईत लिहितोय, बस हॉर्न मारतेय.

काल दिवसभर खोलत होतो. चाकं काढली, दोन्ही बाजूचे एक्सलचे दांडे ओढले, झाकण काढलं. तेलात चंदेरी चमक आहे, बारीक, राखेसारखी. दात तुटलेला नाही. पण वरच्या कडा चकाकतायत. चेहरे गेले. तिघांपैकी एकाचंही हसू राहिलं नव्हतं.

पुसून रंग लावला आणि या वेळी खरंच फिरवलं. ठसे चिकटवलेत, एक नंबर, दोन नंबर. खूण दाताच्या अगदी टोकाला आलीय, नखाच्या कातरणासारखी. म्हणजे पिनियन लांब राहिलंय, बरोबर? पिनियनच्या बेअरिंगखालची चकती जाड हवी. पण किती, ते सांग. आत जी नळी चेपून बसते ती नवीन एकच आहे, आणि ती एकदाच चेपते. तोपर्यंत जुनीवर चालवतो.

हात काळे आहेत, कागदावर उठलेत. ते ठसे धरू नकोस.


१८ मार्च, सोमवार, सकाळी

ताई,

काल संध्याकाळी तुझी चिठ्ठी आली. 'वीस पॉइंट वाढव. बेअरिंग हातोड्याने ठोकू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.' नाही ठोकलं. म्हणजे दोनदा ठोकलं, मग बेअरिंग ओढायचा पुलर शोधला.

वीस पॉइंट म्हणजे दोन केसांएवढी चकती. दोन केसांसाठी माणसाने एवढं मरावं? पिनियन काढा, बेअरिंग ओढा, चकती टाका, बेअरिंग दाबा, पिनियन घाला, क्राऊन घाला, दातांमधला खेळ मोजा, रंग लावा, फिरवा. आणि बघा तर खूण आता मुळाशी गेलेली. टोकाची गेली ती डायरेक्ट मुळाशी. मी खाली फरशीवर आडवा झालो आणि छताकडे बघत बसलो. पत्र्याला सतरा भोकं आहेत. तू होतीस तेव्हा बारा होती.

मग मी तुझी वाट न बघता दहा पॉइंट कमी केले. पहाटे उठून परत सगळं काढलं. बेअरिंग ओढणं-दाबणं धरलं तर चार वेळा. हा ठसा तिसरा. मला वाटतं मधोमध आहे. पण मला काय वाटतं त्याला काय किंमत, बाबांनाही वाटलंच होतं. तू बघून सांग. तू हो म्हटल्याशिवाय नवीन नळी चेपत नाही.

एक विचारू? वर्षभर तू खूण बघायचीस आणि बाबा मान हलवायचे. तुला कंटाळा नाही आला? मला तीनच दिवस झालेत आणि मला वाटतंय सगळं सोडून झोपून राहावं. कामाने नाही. हे पाठीमागून करण्याने. ते येतील, बाकावर बसतील, चष्मा पुसतील, आणि मी काहीच माहीत नसल्यासारखा "बाबा, बघा बरं" म्हणणार. या असल्या गमतीत मजा नाही, ताई. आधीच्या सगळ्या गमतींचा शेवट ठरलेला असायचा, टाळक्यात एक. हिचा शेवट कुठे?

चौदा


२१ मार्च, गुरुवार

ताई,

सोमवारी संध्याकाळी तुझी चिठ्ठी आली. 'हा. हाच ठेव. झाकणाच्या गोंदाची कड बोटाने पुसून घे, मी घ्यायचे तशी.' एवढं वाचून मी गॅरेजमध्ये एकटाच नाचलो. मग नवीन नळी चेपली, सगळं बंद केलं, गोंदाची कड एका बोटात पुसली, कोपऱ्यात न थांबता, तू करायचीस तशी. खडे काढले. मंगळवारी सकाळी काका गाडी घेऊन गेले. ऊंऊं नाही, काही नाही. काका म्हणाले, "भूत गेलं रे!" मी म्हटलं, "काका, बिल भुताच्या नावावर करतो."

मला वाटलं, सुटलो.

काल काका डोंगर उतरून आले. नवीन गिअर शंभरेक किलोमीटर चालले की तेल बघायचं असतं, म्हणून बाबांनीच बोलावलं होतं. गाडी गल्लीत वळली तेव्हा बाबा बाकावर होते. मान एका बाजूला केली. गाडी आत आली, बंद झाली. काका चहा प्यायला कोपऱ्यावर गेले तसे बाबा सरळ गाडीखाली शिरले, दिवा न घेता. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते.

मी म्हटलं, "बाबा, दिवा देऊ?"

"नको."

झाकणावर बोट फिरवत होते. मला कळत होतं, कारण पाय हलत नव्हते. गोंदाच्या कडेवरून बोट नेलं, पूर्ण गोल, परत नेलं. माझ्या आधी ध्यानातच आलं नव्हतं, ताई. मी जन्मात कधी ती कड पुसलेली नाही. माझा गोंद नेहमी शेंबडासारखा बाहेर येतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

गाडीखालून आवाज आला, "ती आली होती?"

मी नाही म्हणणार होतो. देवाशप्पथ. 'बाबा, मी केलं' असं तोंडापर्यंत आलं होतं, कारण केलं मीच आहे आणि मला त्याचं कौतुक हवं होतं. पण मग त्यांना कळलं असतं की त्यांना दिसत नाही हे मलाही माहीत आहे. तुला तर आधीपासून माहीत आहे. तुझ्यासमोर त्यांचं नव्याने काही जात नव्हतं.

मी म्हटलं, "हो."

"कधी?"

"रविवारी आली, सोमवारी गेली. तुम्ही मामाकडे होतात तेव्हा."

"जेवली का?"

"जेवली."

"काय जेवली?"

"मी केलं. अंडी."

"म्हणजे उपाशीच गेली."

मी हसलो. ते नाही हसले. मग म्हणाले, "काही म्हणाली?"

मी म्हटलं, "म्हणाली, बाबांनी बरोबरच बसवलं होतं. पाकिटावर लिहिली होती त्यापेक्षा चकतीच पातळ निघाली."

गाडीखाली काहीतरी आवाज झाला. खोकला असेल. "खोटारडी," ते म्हणाले. पण हे तू कुणाला चिडवताना म्हणतेस ना, तसं म्हणाले.

बाहेर आले, हात पुसत बसले. चष्मा काढला आणि तोही पुसला, त्याच तेलकट फडक्याने, काही उपयोग नसल्यासारखा. म्हणाले, "सोमवारी वनखात्याच्या गाडीचा एक्सल येतोय. तिला म्हणावं, मी घरात असताना येत जा. खूण तिने बघावी." फडकं बाकावर टाकून म्हणाले, "बाकीचं मी करीन. हात आहेत अजून."

तर ताई, तू आली होतीस. रविवारी संध्याकाळच्या बसने. निळा शर्ट होता, बाह्या वर केलेल्या. अंडी करपली होती आणि तू न बोलता खाल्लीस. रात्री तुझ्याच खोलीत झोपलीस, चादर मी चुरगाळून ठेवलीय, उशीपण. आईने विचारलं, वाळली का? मी म्हटलं, थोडी. आईने तेव्हापासून तीनदा स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसलेत, वर म्हणते धूर झालाय, गॅसचा कुठे धूर होतो? बसवाल्याला मी पढवलंय. तो म्हणाला, "सीटचं तिकीट लागेल." मी म्हटलं, ते ताईच सोमवारी देईल.

म्हणजे ये. नाही आलीस तरी चालेल असं लिहिणार होतो, पण नाही चालणार. मला एकट्याला नाही जमणार हे. आणि आलीस की दारात थबकू नकोस, पहिल्यांदा आल्यासारखं इकडेतिकडे बघू नकोस. छताला सतरा भोकं आहेत, ती तू मागच्या रविवारीच बघितलीस.

चष्म्याचं मी बाबांना सांगेन. आज नाही. सांगेन.

एवढंच कर, पाया पडतो तुझ्या: हे पत्र जाळ, आणि कुणालाही बोलू नकोस. आईला नाही, फॅक्टरीतल्या मैत्रिणीला नाही, चुकून झोपेतसुद्धा नाही. तू आली नव्हतीस हे तुला आणि मलाच माहीत आहे. तिसऱ्याला कळू देऊ नकोस.

चौदा